स्टेडियममधला दस्तरखान

लंडनच्या चेल्सी या नामवंत फुटबॉल क्लबने २६ मार्च २०२३ रोजी आपल्या स्टॅमफर्ड ब्रिज स्टेडियममध्ये दस्तरखान अंथरला. रमजानचा तो पहिलाच आठवडा. मगरीबची अजान झाली आणि मैदानाच्या कडेला बसलेल्या रोजेदारांनी रोजा सोडला. प्रीमियर लीगमधील क्लबने स्वतःच्या स्टेडियममध्ये सर्वांसाठी खुला इफ्तार ठेवण्याची ही पहिलीच वेळ. सोबतीला 'रमजान टेंट प्रोजेक्ट' ही सेवाभावी संस्था होती. निमंत्रण मुस्लिमेतरांनाही होते.

याच क्लबच्या काही समर्थकांनी फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसच्या मेट्रोत एका कृष्णवर्णीय प्रवाशाला धक्के देऊन डब्यात चढू दिले नव्हते. न्यायालयाने त्यांना शिक्षा ठोठावली. पुढे क्लबने द्वेषाविरुद्ध मोहीम हाती घेतली. हा इफ्तार त्याच मोहिमेचा भाग होता.

बंदी घालून उपद्रवी माणसाला स्टेडियमबाहेर ठेवता येते, पण मनातला दुरावा बंदीने जात नाही. त्यासाठी एका पंगतीत बसावे लागते. रोजेदाराला इफ्तार देणे हे मोठे सवाबचे काम. क्लबने नुसता फलक न लावता ताट वाढले, शेजाऱ्यांना आत बोलावले. माणुसकीची सुरुवात अशीच होते.