मराठी मेसेज महाग का पडतो?



पावसाळ्यात एका विद्यार्थिनीचे आजोबा शाळेत आले. हातात साधा बटणांचा मोबाईल. म्हणाले, "गुर्जी, पोरगी आजारी हाय म्हणून मेसेज टाकायलोय, पण जाईनाच बघा. रिचार्ज तर कालच मारलाय." फोन पाहिला. रिचार्ज होता, कॉल लागत होता, पण त्या स्वस्त पॅकमध्ये मेसेजच नव्हते. मेसेजसाठी मुख्य बॅलन्स लागतो आणि तो शून्य. येणारा मेसेज फुकट आणि जाणाऱ्याला पैसे, हे आपल्याला माहीत असतं. पण नेमके किती, हे फारसं कुणी बघत नाही.

आधी हिशोब समजून घेऊ. सातवीच्या गणिताच्या तासाला हा जरूर घ्या, मुलांना आवडतो. एका एसएमएसमध्ये 1120 बिट मावतात. इंग्रजी अक्षराला 7 बिट लागतात, म्हणजे 1120 भागिले 7 बरोबर 160 अक्षरं. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला मात्र 16 बिट लागतात. 1120 भागिले 16, फक्त 70! आणि चिन्ह म्हणजे आपण मोजतो ते अक्षर नव्हे. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'विद्यार्थ्यांनी' हा शब्द आपल्या लेखी चार अक्षरांचा, मोबाईलच्या लेखी 15 चिन्हांचा.

आता हा मेसेज बघा: "उद्या सकाळी दहा वाजता शाळेत पालक सभा आहे. कृपया वेळेवर यावे." मोकळ्या जागा धरून 60 चिन्हं, म्हणजे एकच मेसेज. त्यापुढे "येताना प्रगतीपुस्तक आणावे." एवढंच जोडलं की 87 होतात आणि दोन मेसेजचे पैसे लागतात. (मेसेज तुटला की जोडणीची माहितीही पाठवावी लागते, म्हणून प्रत्येक तुकड्यात 67 च चिन्हं बसतात.) वर्गात 40 पालक असतील तर 80 मेसेज झाले. बऱ्याच पॅकमध्ये दिवसाला 100 मेसेज मिळतात. त्यापुढे साधारणपणे राज्यात 1 रुपया आणि राज्याबाहेर दीड रुपया पडतो.

म्हणून पुष्कळ जण मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांत टाइप करतात. मीही केलाय. पण ज्या आजीला तो वाचायचा असतो, तिला 'पालक सभा' इंग्रजी लिपीत वाचता येत नाही. आणि एक गंमत, इंग्रजी मेसेजात एक जरी मराठी अक्षर किंवा इमोजी टाकला, तरी सगळ्या मेसेजची मर्यादा 70 वर येते.

सरकारी नियम बरेचदा बदलले. जाहिरातींचा त्रास थांबवण्यासाठी ट्रायने सप्टेंबर 2011 मध्ये दिवसाला 100 मेसेजची मर्यादा घातली, नंतर ती 200 केली. 2012 मध्ये 100 च्या पुढच्या प्रत्येक सवलतीच्या मेसेजला किमान 50 पैसे आकारायचा नियम आला, तो 2020 मध्ये निघाला. आपल्या उमरगा तालुक्यातल्यांना आणखी एक गोष्ट आठवत असेल. कर्नाटकची हद्द जवळ, त्यामुळे शेतात उभं राहिलं तरी पलीकडचा टॉवर पकडायचा आणि रोमिंग लागायचं. रोमिंगमधल्या स्थानिक मेसेजचा कमाल दर 1 मे 2015 पासून 1 रुपयावरून 25 पैशांवर आला, बाहेरच्या मेसेजचा दीड रुपयावरून 38 पैशांवर.

स्वस्त पॅकवाल्यांची अडचण एका बाबतीत तरी सुटली. कंपनी बदलायची तर 1900 वर मेसेज पाठवावा लागतो, आणि ज्यांच्या पॅकमध्ये मेसेजच नव्हते ते अडकून पडत. डिसेंबर 2021 मध्ये ट्रायने आदेश दिला की पॅक कोणताही असो, हा मेसेज जायलाच हवा. मग डिसेंबर 2024 मध्ये असा नियम केला की ज्यांना इंटरनेट नको, त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि मेसेजचं वेगळं पॅक कंपन्यांनी ठेवलंच पाहिजे.

त्या आजोबांना हेच पॅक सांगितलं. दुकानदार आधी 'नाही' म्हणाला, नाव नीट सांगितल्यावर यादीत खाली सापडलं. आता त्यांचा मेसेज येतो, मराठीतच: "पोरगी आज येत नाही. ताप आहे." मोजून पाहिलं, 27 चिन्हं.