छोट्या गाडीची प्रमाणपट्टी

१७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड आणि अहिल्यानगर यांच्या दरम्यान प्रवासी आगगाडी सुरू झाली. तेव्हापासून नेकनूरच्या मुलांना आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणीच आगगाडी पाहावयास मिळू लागली. पाहिलेली गाडी पुठ्ठ्याची करावी, असे कोणाच्याही मनात येईल. परंतु डबा अंदाजाने कापला, तर खिडक्या मोठ्या होतात, दार बुटके होते आणि फलाटावरील उतारू त्या दारातून आत शिरू शकत नाही. गाडी लहान होते, पण खरी वाटत नाही.

यावरील उपाय म्हणजे प्रमाण. छोट्या आगगाड्यांचा छंद जगभर आहे. पुण्यात कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले अशा गाड्यांचे संग्रहालय १९९८ मध्ये खुले झाले. या छंदात एकास सत्त्याऐंशी हे प्रमाण विशेष रूढ आहे. म्हणजे प्रत्येक वस्तू मूळ वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढी करावयाची. १७४ सेंटिमीटर उंचीचा मनुष्य येथे अवघा २ सेंटिमीटरांचा होतो.

प्रत्येक माप ८७ ने भागत बसणे कंटाळवाणे असते आणि त्यात चूक होण्याचा संभवही फार. तो भागाकार एकदाच करून पट्टीवर मांडून ठेवावा. १० मीटरांना ८७ ने भागले असता सुमारे ११५ मिलिमीटर येतात. कागदावर तेवढी रेघ काढावी. तिच्या एका टोकातून दुसरी तिरकी रेघ काढून तिच्यावर एकेक सेंटिमीटर अंतरावर दहा खुणा कराव्यात. शेवटची खूण पहिल्या रेघेच्या दुसऱ्या टोकास जोडावी व उरलेल्या खुणांतून तिला समांतर रेघा काढाव्यात. त्यामुळे पहिल्या रेघेचे दहा सारखे भाग पडतात. प्रत्येक भाग एक मीटर दाखवितो. अगदी डावीकडील भागाचे याच रीतीने पाच भाग करावेत. त्यांतील प्रत्येक भाग २० सेंटिमीटरांचा. मग या सर्व खुणा जाड पुठ्ठ्याच्या पट्टीवर उतरवाव्यात.

शून्य मात्र पट्टीच्या टोकाशी लिहू नये. पहिला भाग संपतो तेथे लिहावे. मग उजवीकडे पूर्ण मीटर व डावीकडे मीटरचे अंश मोजता येतात. डब्याची रुंदी ३ मीटर २० सेंटिमीटर घ्यावयाची असेल, तर कर्कटकाचे एक टोक उजवीकडील ३ वर आणि दुसरे शून्याच्या डावीकडील पहिल्या खुणेवर ठेवावे. तेच अंतर पुठ्ठ्यावर उतरवावे. पुन्हा आकडेमोड नको.

प्रमाण समजले, की तयार वस्तूंचीही परीक्षा करता येते. या प्रमाणाच्या तयार रुळांमध्ये १६.५ मिलिमीटर अंतर असते. त्यास ८७ ने गुणले, की सुमारे १,४३५ मिलिमीटर येतात. युरोप-अमेरिकेतील बहुतेक लोहमार्ग तेवढेच रुंद आहेत. भारतातील रुंद लोहमार्ग मात्र १,६७६ मिलिमीटरांचा आहे. म्हणून आपल्या गाडीसाठी रुळांमधील अंतर सुमारे १९.३ मिलिमीटर हवे. हा फरक जेमतेम पावणेतीन मिलिमीटरांचा. परंतु तेवढ्यानेही रुंद डबा अरुंद वाटेवर उभा असल्यासारखा दिसतो.

डबा, रूळ, फलाट आणि उतारू ही सारी एकाच प्रमाणपट्टीने मोजली, म्हणजे पुठ्ठ्याच्या स्थानकावर उभा असलेला २ सेंटिमीटरांचा उतारू सहज गाडीत चढू शकतो.