परदेशी निघालेली पुडी

पिंपळगाव बसवंत परिसरात द्राक्षांची खुडणी आटोपली की प्रवासाचे वेध लागतात. पूर्वी हे वेध प्रामुख्याने सप्तशृंगगडाच्या चैत्रयात्रेचे असत. सांप्रत काही बागायतदार कुटुंबे सिंगापूर, थायलंड, दुबईकडेही निघतात. निघण्यापूर्वी आजी-नातवंडांसह सारे कुटुंब आमच्या चिकित्सालयात येते आणि म्हणते, ‘डॉक्टर, प्रवासापुरत्या पुड्या बांधून द्या.’ ही मागणी दिसते तितकी साधी नाही, असे आमचे अनुभवान्ती मत झाले आहे.

देशविचार

आपल्याकडील उन्हाळा कोरडा. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम एका अंशावर. तेथे दिवसाचे तापमान बहुधा ३१ ते ३३ अंश असते. चाळीस अंशांची सवय असलेल्यास हा आकडा सौम्य वाटतो. परंतु दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळल्यावाचून शरीर निवत नाही. जांगल देशातील मनुष्य एकाएकी आनूप देशात गेला की अग्निमांद्य, घामोळे व जांघेतील कंडू या तक्रारी प्रथम उद्भवतात. म्हणून सैल सुती कपडे, अंतर्वस्त्रांचे जादा जोड, अंग कोरडे करण्यास पंचा आणि बालके व वृद्धांसाठी जलसंजीवनीची पाकिटे सामानात असावीत, असे आम्ही आवर्जून सांगतो. डेंग्यू पसरविणारे डास दिवसा चावतात. त्यामुळे पूर्ण बाह्यांचे कपडेही हवेतच.

दमटपणा औषधासही सोडत नाही. लवणभास्कर, हिंग्वाष्टक यांसारखी लवणयुक्त चूर्णे कागदी पुडीत ओलावा शोषून गोळा होतात. घट्ट झाकणाची लहान बाटली वा सीलबंद वटी हाच उपाय. तेल व आसव-अरिष्टे हातातील सामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीतून सहसा नेऊ देत नाहीत. ती मोठ्या बॅगेत, गळणार नाहीत अशी बांधावीत.

पुडीत काय आहे?

खरा गंभीर प्रश्न पुढेच आहे. एकदा आम्हीच सिंगापूरला निघालेल्या कुटुंबास अतिसारासाठी जातीफलादि चूर्णाच्या पुड्या बांधून दिल्या. त्या योगात भांग असते, हे रात्री ध्यानात आले आणि झोप उडाली. पहाटे घरी जाऊन पुड्या परत घेतल्या. भांग जवळ बाळगणे हा तेथे गंभीर गुन्हा आहे आणि निनावी पुडीचे उत्तर आजींना द्यावे लागले असते, आम्हास नव्हे! अतिसारावरील कर्पूर रसात अहिफेन असते, हेही येथे स्मरावे. अशा प्रवाशास आम्ही आता सीलबंद कुटजघनवटी देतो.

त्याच पिशवीत नातलगांसाठी अनरसेही होते. खसखस सिंगापूरला पूर्वपरवानगीवाचून नेता येत नाही. संयुक्त अरब अमिरातीतही तिला मनाई आहे. आजींनी खिन्न मनाने डबा घरीच ठेवला.

रसकल्पांविषयीही सावधगिरी हवी. बोस्टन येथे विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा सोमल आढळल्याचे २००४ मध्ये अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तेव्हापासून परदेशांत आपल्या औषधांकडे साशंकतेने पाहिले जाते. प्रवासापुरती रसौषधी टाळणे व काष्ठौषधींवर भिस्त ठेवणे श्रेयस्कर.

आपले कर्तव्य

परदेशी निघालेल्या रुग्णास सुटी पुडी देऊ नये. मूळ वेष्टनातील, घटकद्रव्ये, उत्पादक व मुदत छापलेले औषध द्यावे. सोबत रुग्णाचे नाव, मात्रा व कालावधी लिहिलेली इंग्रजी चिठ्ठी असावी. त्या देशाचे चालू नियम प्रवाशाने निघण्यापूर्वी पाहून घ्यावेत. औषधालय चालविणाऱ्या बंधूंनीही ‘कोठे निघालात?’ एवढे विचारून मगच बाटली हाती द्यावी.

परतल्यावर दोन आठवड्यांत ज्वर आल्यास प्रवासवृत्त प्रथम विचारावे. डेंग्यूची शंका असल्यास रक्ततपासणीस विलंब करू नये.

रुग्ण आपली पुडी उघडूनही न पाहता विश्वासाने घेतो. म्हणूनच तीत काय आहे, हे सीमेवरील अधिकाऱ्याने विचारण्यापूर्वी आपण स्वतःस विचारले पाहिजे.