हवा काढा, म्हणजे सायकल चालेल!

सायकलच्या दुकानात हवा भरून घेतली की आपण काय करतो? टायरवर अंगठा दाबून पाहतो. अंगठा जरासा रुतला, तर दुकानातल्या पोऱ्याला म्हणतो, "अजून थोडी भर रे!" टायर दगडासारखा टणक झाला म्हणजे आपले समाधान. पण या पृथ्वीच्या पाठीवर असाही एक मुलूख आहे, की जेथे सायकल अडली म्हणजे स्वार खाली उतरतो आणि चाकातली हवा सोडून देतो. हवा गेली की सायकल चालू लागते!

हा मुलूख अलास्काचा. अमेरिकेच्या वायव्य टोकाचे हे राज्य. हिवाळ्यात तेथील नद्या, तळी, दलदली सारे गोठून जाते. स्प्रूसची काळपट, सुईसारख्या पानांची झाडे आणि पांढऱ्या सालीचे भूर्जवृक्ष बर्फात बुडून उभे असतात. मौज अशी, की उन्हाळ्यात ज्या दलदलीत माणसाचा पाय ठरत नाही, तीच हिवाळ्यात रस्ता बनते. पूर्वी कुत्र्यांच्या स्लेजगाड्या आणि आता बर्फावर चालणाऱ्या मोटारगाड्याही जाऊन जाऊन दाबलेल्या बर्फाची एक चिंचोळी पट्टी जंगलातून तयार होते. तीच सायकलची वाट. पट्टी सुटली, की चाक बर्फात रुतलेच म्हणून समजा!

सोन्यापायी सायकल

या प्रदेशातल्या बर्फात सायकल आली ती सोन्यापायी. 1898 मध्ये अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावर नोम येथे सोने सापडले. पुढच्या वर्षी तर समुद्रकाठच्या वाळूतच ते मिळू लागले. कॅनडातील डॉसन गावी आधीच सोन्यासाठी जमलेल्या मंडळींचे डोळे नोमकडे लागले. पण मध्ये होती हजाराहून अधिक मैलांची वाट. बरीचशी गोठलेल्या यूकॉन नदीवरून. कुत्र्यांची गाडी घ्यावी तर ती महाग, आणि त्या कुत्र्यांना रोज खायला घालावे लागे. सायकलला काही खायला लागत नाही! तेव्हा काही पठ्ठ्यांनी सायकलीच काढल्या.

एड जेसन याने 22 फेब्रुवारी 1900 रोजी डॉसन सोडले. सायकल नुकतीच घेतलेली आणि चालवण्याची विद्याही नुकतीच शिकलेली! वाटेत पारा शून्याखाली 48 अंश फॅरनहाइटवर, म्हणजे उणे 44 सेंटिग्रेडवर, उतरला. टायरचे रबर लोखंडासारखे झाले, चाकातले तेल थिजले. नाक गोठू लागले. ते चोळावे तर एक हात सोडायला हवा, आणि एका हाताने सायकल हाकण्याइतकी तयारी अजून झालेली नव्हती! काठावरची माणसे थक्क होऊन पाहत. बसल्या बसल्या चालणारा माणूस त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. सुमारे पाच आठवड्यांनी, 29 मार्चला, हा गृहस्थ नोमला पोहोचला.

मॅक्स हर्शबर्ग 2 मार्चला निघाला. त्याचे नशीब इतके सरळ नव्हते. बर्फावरून उसळणाऱ्या उन्हाने त्याचे डोळे दिपून काही काळ दिसेनासे झाले. पुढे थंडी ओसरू लागली, नद्यांवरचा बर्फ पातळ झाला. एका नदीत तो बर्फ फुटून पाण्यात पडला. जीव वाचला, पण घड्याळ आणि सोन्याच्या भुकटीची पिशवी नदीने गिळली. शेवटी तर सायकलची साखळीच तुटली. तेव्हा या बहाद्दराने काठीला आपला जाड कोट बांधून शीड केले आणि वाऱ्याच्या जोरावर सायकल पुढे काढली! 19 मे रोजी तो नोमला पोहोचला.

चार इंची चाक

सोन्याचा बहर ओसरला, पुढे विमाने आली, आणि बर्फातली सायकल लोक विसरून गेले. 1987 मध्ये अलास्कातील इडिटरॉड या जुन्या स्लेजवाटेवर सायकलींची शर्यत सुरू झाली, तेव्हा तिला पुन्हा दिवस आले. पण स्वार जितके मैल सायकलवर बसत, त्यात ढकलण्याच्या मैलांची भर फार मोठी असे. अरुंद, टणक चाक मऊ बर्फ कापत खाली जाई.

हिशेब अगदी सोपा आहे. स्वार, सायकल आणि सामान मिळून 200 पौंड धरा. टायरमध्ये दर चौरस इंचाला 50 पौंड हवा असेल, तर दोन्ही चाके मिळून साधारण चारच चौरस इंच जमिनीला टेकतात. तीच हवा पाच पौंडांवर आणली, तर चाळीस चौरस इंच टेकतात. तेवढेच ओझे दहापट जागेवर पसरले, की बर्फ ते झेलतो.

पण अरुंद टायरची हवा इतकी काढली तर लोखंडी रिम जमिनीला आपटेल. म्हणून टायरच रुंद हवा. फेअरबँक्स गावच्या सायमन रॅकोवर याने त्यासाठी रुंद रिमा बनवल्या. पुढे 2005 मध्ये मिनेसोटातील सर्ली कंपनीने जवळजवळ चार इंच रुंद टायरची 'पग्स्ली' ही सायकल बाजारात आणली, आणि ही जाडी सायकल देशोदेशी गेली. 2014 मध्ये जेफ ओटली हा अलास्काचाच स्वार दहा दिवस आणि काही तासांत इडिटरॉडच्या वाटेने नोमला पोहोचला. त्याची वाट जेसनची नव्हे, पण तीही हजार मैलांचीच!

घाम हा वैरी

चाकाचा प्रश्न सुटला, तरी माणसाचा सुटत नाही. वाटेल, थंडीत जोराने पायडल मारावे म्हणजे ऊब येईल. नेमके तेच धोक्याचे! जोराने घाम येतो, घामाने कपडे भिजतात, आणि थांबताच तोच ओलावा अंगातली ऊब ओढून घेतो. सुती कपडा तर भिजला की वाळत नाही. म्हणून तेथे लोकर. चढ आला की जाणता स्वार आधी कोट उघडतो, मग वेग कमी करतो, आणि तरीही अंग तापू लागले तर खाली उतरून मुकाट्याने चालू लागतो.

प्यायच्या पाण्याची बाटली उलटी ठेवायची. बर्फ वरून धरतो, त्यामुळे तोंड मोकळे राहते. हँडलला लोकरी पिशव्यांसारखी आवरणे लावून हात त्यांत घालायचे. गोठलेल्या नदीवर बर्फाखालून वर आलेले पाणी कोवळ्या हिमाखाली दडलेले असते, त्यात पाय भिजला तर बोटे गमावण्याची वेळ येते. आणि वाटेत मूस उभा असला, तर वाट त्याचीच! घोड्याहून थोर हे सांबरकुळीचे जनावर मऊ बर्फात उतरायला तयार नसते. आपण थांबायचे, नाहीतर परतायचे.

या वाटेवर नुसत्या जोराला किंमत नाही. हवा किती सोडावी, केव्हा उतरावे, केव्हा मागे फिरावे, हे ज्याला कळते तो रात्री शेकोटीजवळ बसलेला असतो.

आपल्या मुलांनी मात्र हे वाचून घरच्या सायकलची हवा सोडू नये. आपले रस्ते डांबराचे! तेथे टायर टणकच बरा. वाटेवरच्या माणसाने तेवढे टणक असू नये, म्हणजे झाले.