मोटारीचे कुलूप : आधुनिक वाहनांवरील यांत्रिक चोरीरोधक साधनांची उपयुक्तता

आजच्या मोटारगाडीची किल्ली ही जुन्या अर्थाने किल्ली राहिलेली नाही. खिशातील एक लहानसे संदेशयंत्र गाडीतील संगणकाशी सांकेतिक संदेशांची देवघेव करते, ओळख पटली म्हणजे दार उघडते आणि कळ दाबताच इंजिन सुरू होते. अशा गाडीच्या स्टिअरिंग-चक्रावरही कित्येक मालक अद्यापि एक पोलादी दांडा अडकवितात व त्याला कुलूप घालतात. हा जुन्या सवयीचा केवळ अवशेष आहे की त्यात काही तथ्य आहे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. तथापि त्याच्या पोटात दोन निरनिराळे प्रश्न दडलेले आहेत. कुलूप लावणाऱ्याची गाडी त्यामुळे वाचते काय, हा पहिला. आणि समाजातील एकूण चोऱ्या त्यामुळे कमी होतात काय, हा दुसरा. ह्या दोहोंचे उत्तर एकच असेल असे गृहीत धरणे चुकीचे ठरते.

प्रथम कुलपाच्या बळाचा विचार करणे इष्ट होईल. स्टिअरिंग-चक्राची कड म्हणजे मऊ आवरणाखालील धातूची एक बारीक नळी असते. लोखंड कापण्याच्या करवतीने ती थोड्याच वेळात कापता येते आणि कुलूप शाबूत असतानाच दांडा बाहेर काढता येतो. म्हणजे अशा साधनाचे बळ त्याच्या स्वतःच्या पोलादावर नव्हे, तर ते ज्या वस्तूला अडकविलेले असते तिच्यावर अवलंबून असते. मात्र अभेद्यता ही कसोटीच येथे गैरलागू आहे. चोरीस लागणारा वेळ, होणारा आवाज, जवळ बाळगावी लागणारी हत्यारे आणि पकडले जाण्याचे भय ह्यांत कुलूप भर घालते. ही भर शेजारच्या गाडीच्या मानाने पुरेशी असली की चोर त्या गाडीकडे वळण्याचा संभव वाढतो. मालकाला होणारा लाभ तो हाच. आणि समाजाच्या दृष्टीने त्यातील उणीवही हीच.

ह्या दुसऱ्या बाजूचा उत्तम पुरावा दोन देशांच्या अनुभवांत सापडतो. पश्चिम जर्मनीत स्टिअरिंगचा मूळ दांडाच जखडून ठेवणारे अंगभूत कुलूप १९६३ साली जुन्या व नव्या अशा सर्व मोटारींवर सक्तीचे झाले. चोऱ्या एकदम घटल्या आणि ती घट पुढेही टिकून राहिली. ब्रिटनमध्ये हेच कुलूप १९७१ पासून केवळ नव्या गाड्यांवर येऊ लागले. ब्रिटिश गृहखात्याच्या १९७६ च्या संशोधन-ग्रंथात त्याचा परिणाम नोंदलेला आहे. लंडनच्या महानगर पोलीस क्षेत्रात पळविल्या गेलेल्या गाड्यांपैकी नव्या गाड्यांचे प्रमाण १९६९ साली २०.९ टक्के होते, ते १९७३ साली ५.१ टक्क्यांवर आले. परंतु एकूण चोऱ्यांत म्हणण्यासारखी घट झाली नाही. नव्या गाड्या सुरक्षित झाल्या, त्याचा भार जुन्या गाड्यांवर पडला. जुनी गाडी बहुधा कमी ऐपतीच्या मालकाकडे असते हे ध्यानात घेतले, तर हे स्थानांतर केवळ आकड्यांचे नव्हते, हे उघड आहे. कुलूप दोन्हीकडे होते. फरक पडला तो त्याच्या सार्वत्रिकतेमुळे.

ह्याच मुद्द्याची दुसरी बाजू इयन एअर्स व स्टीव्हन लेव्हिट ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९९८ साली पुढे आणली. लोजॅक हे गाडीत दडविलेले एक रेडिओ-यंत्र असून चोरीला गेलेल्या गाडीचा माग त्यायोगे पोलिसांना लागतो. ते कोणत्या गाडीत आहे हे चोराला बाहेरून कळत नसल्यामुळे त्याला प्रत्येकच गाडीचे भय वाटते, आणि ज्यांनी ते बसविलेले नाही त्यांनाही संरक्षण मिळते. दृश्य कुलूप चोराला शेजाऱ्याकडे धाडते. अदृश्य यंत्र शेजाऱ्याचेही रक्षण करते. भारतात २००२ च्या मोटार विमा दरपत्रकाने पुण्याच्या एआरएआय संस्थेने मान्य केलेले चोरीरोधक साधन बसविणाऱ्यास, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीपोटी आकारल्या जाणाऱ्या हप्त्यात २.५ टक्के, परंतु ५०० रुपयांहून अधिक नाही, इतकी सूट ठेवली होती. वरील भेद ध्यानात घेतल्यास अशी सरसकट सूट अपुऱ्या विचाराची वाटते.

इलेक्ट्रॉनिक इमोबिलायझरने ह्या प्रश्नाचे स्वरूप पालटले. किल्लीतील सूक्ष्म चकतीकडून योग्य संकेत मिळाल्यावाचून हे यंत्र इंजिन चालू होऊ देत नाही. युरोपीय संघात १९९८ पासून ते नव्या मोटारींना सक्तीचे झाले. नेदरलँड्समधील आकडेवारीच्या आधारे व्हान आवर्स व व्होलार्ड ह्यांनी २०१६ साली असा निष्कर्ष काढला की, यंत्र नसलेल्या गाड्यांकडे वळलेल्या चोऱ्या हिशेबात धरूनही १९९५ ते २००८ ह्या काळात मोटारचोरीचे प्रमाण सरासरीने सुमारे ४० टक्के घटले. येथवरचा इतिहास पाहता पोलादी दांड्याची गरज संपली, असे अनुमान काढणे स्वाभाविक होते.

परंतु इलेक्ट्रॉनिक रक्षणाची भिस्त ओळख पटविण्यावर असते, आणि ती ओळख खोटी पाडता येते. झुरिच येथील संशोधकांनी २०११ साली आठ उत्पादकांच्या दहा नमुन्यांवर प्रयोग केले. घरात ठेवलेल्या किल्लीचे संदेश दोन यंत्रांच्या साहाय्याने बाहेरील गाडीपर्यंत पोहोचविले असता किल्ली जवळच आहे अशी गाडीची समजूत होते. दहाही नमुने ह्या युक्तीला बळी पडले. पुढे २०२३ साली सुरक्षा-संशोधकांनी आणखी एक रीत उघडकीस आणली. तिच्यात चोर पुढील दिव्याच्या तारांतून गाडीच्या अंतर्गत संदेश-जाळ्यात शिरतो आणि किल्लीची ओळख पटल्याचा खोटा संदेश सोडतो. अशी चोरी थोड्या वेळात व जवळजवळ निःशब्द होते.

नेमक्या ह्याच ठिकाणी यांत्रिक कुलपाला पुन्हा अर्थ प्राप्त होतो. संकेत कितीही अचूक फसविला, तरी पोलादी दांडा संदेश ऐकत नाही. इंजिन सुरू झाले, तरी चक्र वळत नाही. निःशब्दतेवर विसंबलेल्या चोराला करवत चालवावी लागते, म्हणजे त्याच्या पद्धतीचा मुख्य फायदाच नाहीसा होतो. येथे महत्त्व कुलपाच्या बळाला नाही, ते त्याच्या स्वतंत्रतेला आहे : इलेक्ट्रॉनिक रक्षणातील दोष यांत्रिक रक्षणाला बाधत नाही. अर्थात गाडी उचलून नेणाऱ्यापुढे किंवा तिचे सुटे भाग काढणाऱ्यापुढे ह्या दांड्याचा उपयोग नाही, हेही तितकेच खरे.

अमेरिकेतील ह्युंदाई व किया गाड्यांचे प्रकरण ह्या संदर्भात बोधप्रद आहे. तेथील विमा-संशोधन संस्थेच्या पाहणीनुसार २०१५ च्या नमुन्यांपैकी अन्य कंपन्यांच्या ९६ टक्के गाड्यांत इमोबिलायझर मुळातच बसविलेले होते. ह्या दोन कंपन्यांच्या बाबतीत हे प्रमाण अवघे २६ टक्के होते. त्या पळविण्याची रीत समाजमाध्यमांतून पसरली आणि २०२२ साली चोऱ्यांचा सुकाळ झाला. अमेरिकी वाहतूक-सुरक्षा खात्याने फेब्रुवारी २०२३ मध्ये अशा चोऱ्यांशी निगडित १४ अपघात व ८ मृत्यूंची नोंद केली. सुमारे ८३ लाख गाड्यांच्या संगणक-आज्ञावलीत सुधारणा योजली गेली. दरम्यान नोव्हेंबर २०२२ पासून कंपन्यांनी सुमारे २६ हजार स्टिअरिंग-कुलपे पोलिसांमार्फत वाटण्यासाठी पुरविली. कॅनडात इमोबिलायझर २००७ पासूनच सक्तीचे असल्याने तेथे ह्या रीतीला वाव नव्हता. उत्पादनाच्या वेळी जे वाचविले, त्याची भरपाई पुढे मालकाने रोज दांडा अडकवून करावयाची, असा हा प्रकार झाला.

सारांश, दारात वा रस्त्यावर गाडी ठेवणाऱ्या व्यक्तीच्या दृष्टीने यांत्रिक कुलूप आजही अल्प खर्चाचे व समर्थनीय साधन आहे. विशेषतः किल्लीवाचून चालू होणाऱ्या गाडीवर. परंतु समाजाच्या दृष्टीने ते इलाज नव्हे, तात्पुरती पट्टी होय. चोऱ्या खरोखर घटल्या त्या जेथे रक्षण सर्वांना सारखे मिळाले तेथे; आणि ती जबाबदारी गाडी वापरणाऱ्याची नसून ती बनविणाऱ्याची व कायदा करणाऱ्याची आहे.