शांत कोपरा घडतो कसा?

ध्यानाची जागा कशी असावी हे पाहायला नाशिककरांना फार लांब जावे लागत नाही. पाथर्डी फाट्याजवळ, मुंबई-आग्रा महामार्गाला लागून त्रिरश्मी डोंगर आहे. तिथे 24 लेणी आहेत. आपण त्यांना पांडवलेणी म्हणतो, पण ती कोरली गेली बौद्ध भिक्खूंसाठी, आणि त्यांतली जुनी सुमारे 2,000 वर्षांपूर्वीची आहेत. त्याच महामार्गाने मुंबईच्या दिशेने साधारण 45 किलोमीटर गेले की इगतपुरी. तिथल्या धम्मगिरि केंद्रात सत्यनारायण गोएंका यांनी 1976 पासून विपश्यनेची शिबिरे घेतली, ती आजही चालू आहेत.

या दोन जागांमध्ये इतक्या शतकांचे अंतर असूनही रचना एकच आहे. त्रिरश्मीच्या विहारात मधे मोकळे दालन आणि तीन बाजूंना एकेका माणसापुरत्या खोल्या, आत दगडाचा ओटा. धम्मगिरीच्या पॅगोडातही एकेका साधकासाठी छोट्या शून्यागार-खोल्या, आत फक्त बसण्याची सोय. लहान जागा, जवळपास रिकामी, आणि ठरलेल्या वेळी वापरली जाणारी. घरात शांत कोपरा करायचा असेल तर या तीन गोष्टींपासून सुरुवात करावी. मूर्ती, धूप, दिवे, घंटा हे सगळे नंतर, आणि आपापल्या श्रद्धेप्रमाणे.

जागा निवडताना

वन बीएचकेमध्ये स्वतंत्र खोली मिळणार नाही आणि तिची गरजही नाही. मांडी घालून बसल्यावर गुडघे कशाला लागणार नाहीत आणि पाठीमागून कुणाची ये-जा होणार नाही, एवढी जागा पुरे. पाठीमागे भिंत असली की मन लवकर स्वस्थ होते, कारण मागची चाहूल घेण्याचे काम उरत नाही.

देवघर ईशान्येला असावे असा संकेत आहे. तो पाळता आला तर उत्तम, पण त्यासाठी भिंती पाडू नयेत. उजेडाचा विचार मात्र जरूर करावा. त्रिरश्मीची लेणी डोंगराच्या उत्तर अंगाला आहेत, त्यामुळे दुपारचे ऊन थेट आत येत नाही. घरातही डोळ्यांवर ऊन येईल किंवा ट्यूबलाइट डोक्यावर असेल अशी जागा टाळावी. शक्य असेल तर ही जागा पलंगापासून आणि टीव्हीपासूनही वेगळी ठेवावी. ज्या जागी आपण रोज जे करतो तेच तिथे बसताच आठवते. पलंगावर बसले की डुलकी येते ती त्यामुळेच.

आधी काढायचे, मग मांडायचे

शुद्धीची खरी सुरुवात आवरण्यापासून होते. देवघराखालचा खण उघडून पाहा. अर्धवट जळलेल्या वाती, सादळलेल्या उदबत्तीचे पुडे, अबीर-बुक्क्याच्या पुड्या, त्र्यंबकेश्वराहून आणलेला आणि विसरलेला प्रसाद, गेल्या तीन वर्षांची पंचांगे, लग्नपत्रिका, कुणाच्या तरी औषधाची चिठ्ठी. हे सगळे एका चादरीवर बाहेर काढा. खण ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, आणि रोज हाताला लागते तेवढेच परत ठेवा.

तडकलेल्या तसबिरी आणि भंगलेल्या मूर्ती काढून टाकताना मन कचरते. म्हणून त्या पिंपळाच्या पारावर नाहीतर रामकुंडाच्या काठी सोडून येण्याची रीत पडली आहे. तिथे त्यांचे पुढे काय होते ते आपण पाहतोच. त्यापेक्षा नमस्कार करून तसबिरीची काच आणि चौकट वेगळी करावी, कागद घरीच बादलीत भिजवून त्याचा लगदा कुंडीतल्या मातीत मिसळावा. मातीच्या मूर्तीचेही असेच करता येते. धातूची मूर्ती आटवून नवी करता येते. निर्माल्यही गोदावरीत टाकू नये. झेंडू, शेवंती, तुळस यांचे कुंडीत चांगले खत होते. फक्त हारातला दोरा आणि जरी आधी काढून घ्यावी.

धूळ, धूर आणि हवा

रात्रभर बंद राहिलेल्या खोलीत आपल्याच श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठतो आणि डोके जड होते. म्हणून सकाळी पहिले काम खिडकी उघडण्याचे. समोरासमोरच्या दोन खिडक्या थोडा वेळ उघड्या ठेवल्या की हवा आरपार जाते. एकच खिडकी असेल तर दारही उघडावे. पडदे आणि सतरंजी धूळ धरून ठेवतात, ती झटकून उन्हात टाकावीत.

लादी पुसण्याच्या पाण्यात मीठ घालण्याची पद्धत अनेक घरांत आहे. श्रद्धा असेल तर चिमूटभर घालावे, पण जास्त मिठाने लादीवर पांढरे डाग राहतात. घर प्रसन्न वाटते ते पाण्याने, फडक्याने आणि आपण सगळ्या कोपऱ्यांत वाकून गेलो त्याने.

धूप, ऊद, गुग्गुळ, कापूर यांचा वास मनाला ओळखीची खूण देतो. रोज बसण्याआधी एकच वास असला की काही दिवसांनी त्या वासानेच श्वास संथ होऊ लागतो. पण उदबत्तीचा धूर हा शेवटी धूरच. त्यातले बारीक कण फुप्फुसात जातात. घरात दम्याचा रुग्ण, तान्हे बाळ किंवा म्हातारे माणूस असेल तर धूर नकोच. इतरांनीही आधी खिडकी उघडावी, धूप फिरवावा, तो विझल्यावर आणि हवा निवळल्यावर बसावे. धुराऐवजी मोगऱ्याची चार फुले किंवा उगाळलेले चंदनही चालते.

आवाज

महामार्गावरचे ट्रक, शेजारचा कुकर, जिन्यातली पावले पूर्ण थांबवता येत नाहीत. घुमणे मात्र कमी करता येते. गुळगुळीत लादी, उघडी भिंत आणि काच आवाज परत फेकतात, म्हणून रिकामी खोली घुमते. जाड कापड तो शोषून घेते. खाली सतरंजी, तिच्यावर आजीच्या साड्यांची गोधडी, खिडकीला जाड सुती पडदा एवढ्याने फरक कळतो. दाराखालच्या फटीला कापडाची गुंडाळी लावावी. नाशिकची डिसेंबर-जानेवारीतली पहाट बोचरी असते, तेव्हा गोधडीवर घोंगडी घालावी. गार लादीवर पाय आखडले की लक्ष तिकडेच जाते.

भांडी आणि दिवा

तांब्या-पितळेवर हवेने आणि ओलाव्याने काळपट-हिरवट थर चढतो. चिंच किंवा लिंबू-मीठ चोळले की आम्लात तो थर विरघळतो आणि धातू उजळतो. नंतर साध्या पाण्याने नीट धुऊन कोरड्या फडक्याने पुसावे. ओलावा किंवा आंबटपणा राहिला तर भांडे पुन्हा लवकर काळे पडते. देव उजळण्याचे हे काम घाईत करू नये. लक्ष एका जागी ठेवण्याचा पहिला सराव इथेच होतो.

दिव्यात वात तेल वर ओढते आणि टोकाशी त्याची वाफ होऊन ती जळते. टोक लांब राहिले तर तेल जास्त चढते, पुरे जळत नाही आणि काजळी धरते. म्हणून वात जेमतेम बाहेर ठेवावी आणि काजळी झटकावी. निरांजनात एक फुलवात आणि ठरलेले चमचाभर तूप घेतले, तर ती रोज साधारण तेवढाच वेळ चालते. एकदा घड्याळ लावून तो वेळ पाहून ठेवा. मग वात मालवेपर्यंत बसायचे. गजराची गरज राहत नाही आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत राहू शकतो. डोळे मिटून बसणार असाल तर निरांजन ताम्हनात, पडद्यापासून आणि मुलांच्या हातापासून दूर ठेवा.

बसणे

धम्मगिरीच्या 10 दिवसांच्या शिबिरात मोबाइल जमा करावा लागतो, मौन पाळावे लागते आणि पहाटे चारला उठावे लागते. त्या दिवसांत उदबत्ती, माळ, पूजा असे सगळे विधीही बाजूला ठेवायला सांगतात. पहिले तीन दिवस काम एकच, आनापान. नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास आहे तसा पाहायचा, तो लांबवायचा किंवा रोखायचा नाही. घरीही एवढ्यापासून सुरुवात करता येते. मन भटकणारच. भटकल्याचे कळले की रागावू नये, श्वासाकडे परत यावे. नामस्मरण किंवा जप करणाऱ्यांनी आपला जप ठेवावा, परत येण्याची रीत तीच.

सांभाळणे

त्रिरश्मीच्या 10 क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने लेणे दिलेच, शिवाय 3,000 कार्षापणे, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे (व्यावसायिक संघांकडे) ठेव म्हणून ठेवली. त्यांपैकी 2,000 दरमहा शेकडा एक व्याजाने. वर्षाचे व्याज झाले 240. पावसाळ्यात तिथे राहणाऱ्या 20 भिक्खूंना वस्त्रासाठी प्रत्येकी 12 कार्षापणे, म्हणजे नेमके तेवढेच. जागा देणाऱ्याने ती चालती राहण्याची तरतूद आधीच पाहिली होती.

आपल्या कोपऱ्यालाही अशी तरतूद लागते, फक्त ती वेळेची. रोज खिडकी कोण उघडणार, निर्माल्य कोण काढणार, त्या वेळात टीव्ही बंद राहील ना, हे घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवावे. मुलांना त्यात एक काम द्यावे, म्हणजे तो कोपरा त्यांचाही होतो. महागडे मंदिर आणि सुगंधी मेणबत्त्या आणण्याआधी महिनाभर एक गोधडी आणि एक निरांजन घेऊन रोज त्याच जागी, त्याच वेळी बसून पाहा. मग आणखी काय हवे ते तुमचे तुम्हालाच कळेल, आणि बहुतेक वेळा ते फार थोडे असेल.