नेटला मध्यंतर हवे!

मैत्रिणींनो, १५ ऑगस्ट २०२५ला 'शोले'ला पन्नास वर्षे झाली. गंमत अशी, की आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले तेही १५ ऑगस्टलाच, १९९५ साली!

'शोले' मुंबईच्या 'मिनर्व्हा'त पाच वर्षे चालला. तो बघायचा म्हणजे आधी ठरवायचे, तिकिटे काढायची अन् सगळ्यांनी मिळून जायचे. विदेश संचार निगमचे इंटरनेटही सुरुवातीला टेलिफोनच्या तारेवरून रांगतच येई. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि बघता बघता ते हाताहातांत पोहोचले. आमच्या उल्हासनगर कॅम्प नं. ३ मध्ये तर पापडाची ऑर्डरसुद्धा मोबाइलवर येते.

सोय मोठीच, नाही कोण म्हणेल? पण चित्रपटाला मध्यंतर असते, शेवट असतो. नेटला दोन्ही नाही. एक रील संपले की दुसरे आपोआप सुरू! मुलांची झोप, अभ्यास, घरातल्या गप्पा, सगळे त्यात वाहून जाते.

तेव्हा मध्यंतर आपणच करायचे. जेवताना पानाशेजारी फोन नको. रात्री दहाला घरातले सगळे फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा. पहिला मात्र आपला! आणि रविवारी एखादा जुना चित्रपट सगळ्यांनी एकत्र बसून बघा.